झाडूवाली ट्राम

जपानमधल्या हाकोदाते शहरात ट्रामच्या रुळांवरचा बर्फ झाडायला एक वेगळी ट्राम आहे, पुढे बांबूच्या काड्यांचा गरगर फिरणारा झाडू लावलेली. कुरामोचीने ती अठरा हिवाळे चालवली. पहाटे रूळ चकाचक व्हायचे आणि तो सगळा बर्फ नेमका फुमिएबाईंच्या लोणच्याच्या दुकानाच्या दारात जाऊन पडायचा. बाईंनी दार नुकतंच साफ केलेलं असायचं. मग फावडं उगारून तोंडाचा पट्टा सुरू.

"अहो झाडूवाले, डोळे फुटले का? आत्ताच काढला होता ना मी!"

कुरामोची तिथे ट्राम हळू करायचा. बर्फ जपून उडवायला, असं सोबत्याला सांगायचा.

यंदा तो निवृत्त झाला. पहिला बर्फ पडला तशी त्याला घरी बसवेना. फावडं घेऊन तो थेट बाईंच्या दारात हजर झाला. बाई बर्फ काढायला वाकल्या, तसा म्हणाला, "थांबा. आधी ट्राम जाऊ द्या."

नव्या ड्रायव्हरने दारात ढीग टाकला आणि तो निघून गेला. कुरामोचीने दहा मिनिटांत दार मोकळं केलं.

"बघा, असा नंतर काढायचा, म्हणजे एकदाच काढावा लागतो. अठरा वर्षांत एवढं सुचलं नाही तुम्हाला?"

फुमिएबाईंनी त्याच्या हातात गरम चहा दिला.

"पहिल्याच हिवाळ्यात सुचलं होतं."

"मग?"

"मग काय? आत्ता त्या नव्या ड्रायव्हरला मी एक शब्द तरी बोलले का?"