आखाजीचं माहेरपण

निरंजनची लांबलचक गाडी गावातल्या शनवारा आळीच्या बोळात शिरेना, म्हणून त्याने ती वेशीपाशी उभी केली आणि भर उन्हात घाम पुसत चालत आला. पुण्यात, कोरेगाव पार्कात, त्याच्या गाडीला तळघरात गारेगार जागा होती. इथे ती केळीच्या हातगाडीला खेटून राहिली, याचा राग त्याच्या तोंडावर दिसत होता.

अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता. त्यावर ज्योत्स्ना बसली होती. त्याला पाहताच ती उतरली आणि आत निघून गेली.

"बॅग भरली का तिची?" त्याने आईला विचारलं.

मालूबाईने आधी त्याला पाणी दिलं. पोटचा गोळा, तहानलेला कसा ठेवायचा? त्याचं पिऊन झाल्यावर तिने सांगितलं की बॅग भरलेली नाही, आणि भरायचीही नाही.

यंदा अक्षय्य तृतीयेला ज्योत्स्नाला आखाजीचं माहेरपण घडवायचंच, असं मालूबाईने मनावर घेतलं होतं. मुराळी म्हणून धाडायला घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा ती स्वतःच पुण्याला गेली आणि तिला घेऊन आली. असं माहेरपण अख्ख्या शनवाऱ्यात कोणी केलं नाही, असं शेजारची आशाबाई बोळभर सांगत सुटली होती.

पुण्याच्या त्या इमारतीत दरवानाने मालूबाईला सामानाच्या लिफ्टकडे वळवलं होतं. वर अत्तराचा घमघमाट, कुणाच्या तरी कुत्र्याच्या वाढदिवसाचे फुगे, आणि भिंती अशा की पलीकडे कोण हसतं, कोण रडतं, काही कळू नये. शनवाऱ्यात ताट पडलं तरी तीन घरं विचारायला येतात. तिथे कोणी विचारत नाही, आणि लोक त्याचेच जास्त पैसे मोजतात, हे बघून मालूबाईला हसावं की रडावं कळेना.

मग परवा कासारीण बांगड्या भरायला आली. तिने ज्योत्स्नाचा हात दाबला तशी ज्योत्स्नाने ओठ चावला. मनगटाच्या वर बोटांचे वळ होते, अजून निळे. कासारणीने मुकाट्याने मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या. मालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्योत्स्ना आता परत येणार नाही, असं तिने त्याच दुपारी फोनवर निरंजनला सांगून टाकलं.

म्हणून तो धावत आला होता.

त्याने आईला समजावून पाहिलं. त्या भागात घर मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं झुरतात. खाली पोहायचा तलाव आहे, कोपऱ्यावर कॅफे आहेत. ते सगळं सोडून ज्योत्स्ना या धुळीत काय करणार? सोसायटीतले लोकही आता विचारायला लागले आहेत.

"मार खात व्हती तवा नाही इचारलं कोनी," मालूबाई म्हणाली. "आता बरं इचारतात."

"माय, हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे. शेजारी कायले असतात मंग?"

निरंजनने आवाज आणखी खाली आणला. "चूक झाली, मान्य. माफीपण मागून झाली. पुन्हा हात उठणार नाही, याची गॅरंटी मी देतो."

"तिच्या नवऱ्याची गॅरंटी तू देतो? अन् त्यानं सप्तपदीत देली व्हती, ती कुठी गेली?"

ज्योत्स्ना आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. शाळेत नोकरीचं बोलून आले आहे, असं तिने सांगितलं. सांगताना ती अडखळली नाही.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

निरंजन ताडकन उठला. बॅग मीच भरतो म्हणत तो आतल्या खोलीकडे निघाला. मालूबाईचे गुडघे एरवी उठता-बसता कुरकुरायचे. आज ती त्याच्या आधी उंबऱ्यावर पोचली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. समोर आपलंच पोर होतं, पण हात खाली आले नाहीत.

"लोक काय म्हणतील, माय? पोटच्या पोराला दारात अडवतेस?"

भिंतीपलीकडे आशाबाईच्या पुरणाच्या मांड्यांची थाप थांबली होती. बोळातही दोन-चार जण रेंगाळले होते. मालूबाईने सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज चढवला.

"तुले जनम मीच देला, निरंजन. पन तुही बायको आता माही लेक हाये, अन् तू या घरचा जावई. जाय, सांग तुह्या सोसायटीले, आमची पोरगी नांदाले येत नाही."