कापलेला तुकडा

“हा तुकडा कापलाय,” मुलगा म्हणाला.

 म्हातारीने चहाच्या कपात तोंड घातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. नेलकटर अजून तिच्या गाउनच्या खिशातच होतं.

टेबलावर हजार तुकड्यांचं पझल पसरलेलं होतं. नदी, काठावरच्या इमारती, वर भलंमोठं आकाश. घरात असली त्रेचाळीस खोकी होती, कपाटात नीट रचून ठेवलेली, आणि आजवर एकाही खोक्यातला तुकडा हरवला नव्हता. मुलाचा आणि सुनेचा छंद तो. घरचा कायदाच होता: इमारती त्याच्या, आकाश तिचं. तुकडा बसत नसेल तर बाजूला ठेवायचा, दाबायचा नाही. आणि इथे कुणीतरी एका निळ्या तुकड्याचं टोक चक्क कुरतडून तो भोकात कोंबला होता.

पावणेचारला मुलाची बस, कारखान्याची दुसरी पाळी. सून आत्ताच हॉस्पिटलातून आली होती आणि सुजलेले पाय स्टुलावर टाकून बसली होती. दिवसभरात दोघं एकमेकांना जागेपणी भेटत ती एवढी पंचवीस मिनिटं. तो रात्री साडेबाराला यायचा तेव्हा ही झोपलेली. ही पहाटे निघायची तेव्हा तो झोपलेला.

“तू कापलास?” त्याने विचारलं. ओरडला नाही. ओरडायलाही अंगात त्राण लागतं.

“मी कशाला कापू?”

“आकाश तूच करतेस ना?”

सुनेने डोळे मिटले. “चार महिने झाले, मी हात लावला नाही त्याला. ड्यूटीवरून आल्यावर मान वर होत नाही माझी. तूच बसतोस की रोज.”

“मी? दहाला उठतो, सामान आणतो, डबा भरतो, निघतो. मी कुठला बसतोय?”

दोघांनी पझलकडे पाहिलं. अर्ध्याच्या वर झालं होतं. मग दोघांनी म्हातारीकडे पाहिलं.

म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने ती हा उद्योग करत होती. सकाळी मुलगा घोरत असताना इमारतींचे दोन-तीन तुकडे लावायचे, म्हणजे दुपारी सुनेला वाटावं, नवरा बसला होता. संध्याकाळी सून आडवी झाली की आकाशाचे लावायचे, म्हणजे सकाळी मुलाला वाटावं, बायको बसली होती. वर “बघ, काल केवढं केलं तिने” हे तिखटमीठ लावून सांगायचं. तिला स्वतःला हा खेळ कवडीचा आवडत नव्हता. इमारतींचं एक वेळ ठीक, खिडक्या तरी असतात. आकाश म्हणजे नुसती डोळेफोड. काल तो एक तुकडा घेऊन तासभर बसली, आणि शेवटी वैतागून नेलकटर काढलं.

“आई, तुम्ही?” सून म्हणाली.

“मग काय करू? धूळ खात पडलं होतं ते. दोघंही नुसते बाजूने जायचात. मला बघवेना.”

सुनेने पाय स्टुलावरून खाली घेतले. मग तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि टेबलाच्या कडेला ठेवला.

“बदलीचा अर्ज आहे,” ती नवऱ्याला म्हणाली. “लांबच्या हॉस्पिटलात. राहायला खोली देतात, एकटीला. तीन महिने पर्समध्ये घेऊन फिरतेय. रोज वाटायचं, आज देऊन टाकावा. मग घरी यायचे आणि हे दिसायचं. वाटायचं, एवढा दमलेला माणूस, तरी माझ्यासाठी दोन खिडक्या लावून गेलाय. मग नाही द्यायचे.”

मुलाच्या हातात डब्याची पिशवी होती. ती त्याने एकदा या हातातून त्या हातात घेतली.

“मी लावलं नाही काही,” तो म्हणाला. “पण निघताना रोज बघून जायचो, आकाश कुठवर आलं ते. वाटायचं, बोलत नाही ती, पण आहे.”

झाकली मूठ होती तेच बरं होतं, असं म्हातारीला वाटलं. आपण चांगलं करायला गेलो आणि घर मोडून बसलो. तिने खिशातलं नेलकटर काढून टेबलावर ठेवलं, गुडघ्यांवर हात दाबून उठली.

“माझ्याच्यानं आता होत नाही रे,” ती म्हणाली. “दोघांच्या वाटचं मी एकटीने किती दिवस करू?”

ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. खाली बसचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा लांबलचक वाजला आणि बस निघून गेली. बाहेरचं दार उघडल्याचं तिला ऐकू आलं नव्हतं, पण आपल्या कानांवर तिचा भरवसा उरला नव्हता. उठून बघायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

बऱ्याच वेळाने सुनेचा आवाज आला. “बस गेली तुझी.”

“हं.”

“शुक्रवार शेवटची तारीख आहे.”

 मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

“लाइट लाव ना,” मुलगा म्हणाला. “तुझं आकाश कसं लावतात, मी कधी विचारलंच नाही.”