हजेरीचं अ‍ॅप

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत ओजस आपलं प्रोजेक्ट दाखवत होता. चेहरा ओळखून वर्गाची हजेरी लावणारं अ‍ॅप.

परीक्षक बाईंनी वर्गातल्या तिघांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तिन्ही नावं अचूक आली.

“आता तुम्ही या,” त्या ओजसला म्हणाल्या.

स्क्रीनवर उमटलं, ‘अनोळखी व्यक्ती’. सगळे हसले.

“दुसऱ्याकडून करून घेतलंत वाटतं?”

“नाही मॅडम, सगळं मीच लिहिलंय. मित्राने अ‍ॅपसाठी वर्गात सगळ्यांचे फोटो काढले, त्या दिवशी मी नव्हतो.”

“कुठे होतात?”

“घरी. हेच लिहीत होतो.”

बाईंनी कोडमधल्या एका ओळीचा अर्थ विचारला. त्याने न अडखळता सांगितला.

“पैकीच्या पैकी मार्क देते,” बाई हसू दाबत म्हणाल्या. “पण अ‍ॅप दुरुस्त करू नका. वर्गात न येणाऱ्याला ते बरोबर ओळखतं.”