चाळीस बांज

पाहुण्यांना मनोऱ्यावर उभं राहून जंगल बघता यावं, म्हणून त्या मनोऱ्यासाठी त्याच जंगलातले चाळीस बांज वृक्ष तोडायचा हुकूम घेऊन साहेब कुमाऊँच्या त्या गावात चढून आला. बांजांच्या मुळाशी गावाचा एकुलता एक झरा. तो आटू नये म्हणून बायकांनी पाच वर्षांसाठी जंगल देवीला वाहिलेलं. आज चाळीसही खोडांना केशरी चिंध्या बांधलेल्या दिसल्या आणि देवीची खूण ओळखून मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या.

साहेब असा कडाडला, की म्हणे पलीकडच्या शिखरावरचा बर्फ घसरला. "हयात सिंह, वनरक्षक आहेस की पुजारी? सोड त्या चिंध्या."

"गेल्या साली वाळकी काटकी उचलली, तर परूली भाभीचा विळा जप्त करायला लावलात मला."

"तो कायदा होता. नोकरी हवी ना? मग सोड."

हयात सिंहानं सरकारी टोपी काढून साहेबाच्या हातात ठेवली.

"चिंध्या नाहीत त्या. हा पिछौडा डोक्यावर घेऊन माझी बायको लग्नात उभी राहिली होती. काल ती तो फाडत होती, तेव्हा दुसरं टोक मी धरलं होतं."