पडद्यावरचं नाव

"चोरलीत तुम्ही माझी गोष्ट," देवदत्त म्हणाला, आणि विक्रमला मराठी कळत नाही हे लक्षात आल्यावर तेच त्याने हिंदीत पुन्हा सुनावलं.

निर्माता विक्रम मोहालीतल्या त्याच्या ऑफिसात खुर्चीत रेलून बसला होता. त्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. म्हणाला, ही फिल्म माझी नाही जी, दिल्लीच्या कुठल्याशा नव्या पोरांनी केलीय. ट्रेलर मीही तुमच्यासारखा मोबाइलवरच पाहिला.

"मग ती स्कूटर?"

चंदीगडच्या सेक्टर त्रेचाळीसमधल्या बसस्टँडवर स्कूटर लावून मुलगी पहाटेची दिल्लीची बस धरते. किल्ली तिच्याबरोबरच जाते. मग बाप भर उन्हात ती स्कूटर ढकलत घरी आणतो. हा सीन देवदत्तने लिहिला होता, आणि ट्रेलरमध्ये तो जसाच्या तसा होता. त्याची स्क्रिप्ट या विक्रमकडे वर्षभर पडून होती.

"मेरी बेटी गई है, विक्रमजी. आपकी नहीं."

विक्रम खुर्चीत सरळ बसला. "मैंने तब भी कहा था, देवदत्तजी. आपकी स्क्रिप्ट में बाप ही बोलता है. लड़की तो बोलती ही नहीं."

देवदत्त पाण्याला हात न लावता उठला.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन तो चंदीगडला आला होता. नोकरी सोडली, आणि कुणाच्या पायाशी न बसता पटकथा लिहायला शिकला. मालिका लिहिल्या, पंजाबी सिनेमांचे हिंदी संवाद लिहिले, सगळे दुसऱ्याच्या नावावर. हिरोच्या केसांना जेल लावणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं, हिरोच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्याचं येत नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. कुणाला ऐकायचं नसलं तर जास्तच. ही एक गोष्ट मात्र त्याने स्वतःच्या नावासाठी राखली होती. घर सोडून जाणारी मुलगी आणि मागे राहिलेला बाप. मरायच्या आधी एकदा तरी आपलं नाव पडद्यावर बघायचं, एवढाच हट्ट.

आणि ट्रेलरच्या शेवटी आलं काय, तर 'लेखन : मैत्रेयी.'

"मैत्रेयी म्हणे," घरी येऊन तो बायकोला, प्रतिमाला म्हणाला. "ना आडनाव, ना पत्ता. बुजगावणं उभं केलंय. मागे कोण आहे ते शोधतो मी."

प्रतिमा मटार सोलत होती. तिने चिवड्याची बरणी त्याच्यापुढे ठेवली. प्लास्टिकची बरणी बघून तो आणखी भडकला. मुंजीत आत्याने दिलेला, नाव कोरलेला स्टीलचा डबा चिवड्याने भरून शेजारी ठेवल्याशिवाय पूर्वी त्याच्या हातून पान लिहून होत नसे. घर बदलताना तो हरवला, असं प्रतिमा सांगायची.

"हमालांनीच ढापला. या गावात लेखकाचा डबासुद्धा सोडत नाहीत."

प्रतिमाने मटारची पुढची शेंग फोडली.

मग त्याने तिला आपला सापळा सांगितला. स्क्रिप्टच्या दोन प्रती कधी सारख्या द्यायच्या नाहीत, हा त्याचा जुना नेम. बसमध्ये मुलीला भूक लागते आणि ती पिशवी उघडते. विक्रमला दिलेल्या प्रतीत पिशवीतून पराठा निघतो. सौमित्र म्हणून एक सहायक त्याचं टायपिंग करायचा. त्याच्या प्रतीत ब्रेडपकोडा. नटी कश्मिराच्या प्रतीत बिस्किटं. पडद्यावर जे निघेल, त्याचा मालक चोर. वकिलाने नोटीस तयार ठेवली होती. फक्त नावाची जागा कोरी होती.

"आणि यातलं काहीच निघालं नाही तर?" प्रतिमाने विचारलं.

"निघायलाच हवं. चोराला स्वतःचं काही सुचत असतं तर तो चोरी कशाला करेल?"

"तसं नाही हो. क्षितिजाने खरंच काय नेलं होतं बरोबर?"

लेकीचं नाव घरात निघत नसे. तिला बाहेर जाऊन शिकायचं होतं, त्याने नाही म्हटलं होतं, आणि एका सकाळी तिची खोली रिकामी होती. इतकंच.

"काही नाही नेलं. उपाशी गेली," तो म्हणाला. "दिल्ली येईपर्यंत माज उतरला असेल."

प्रतिमाने सालं गोळा केली आणि ती फोन घेऊन आत गेली.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला दोघं गेली. थिएटर अर्धंही भरलं नव्हतं. पहिल्या सीनपासून देवदत्त दात आवळून बसला. घर त्याचं होतं. व्हरांड्यातली वेताची खुर्ची त्याची होती. बाप त्याच्यासारखाच चष्मा कपाळावर चढवून ओरडत होता. फक्त इथे मुलगी उलट बोलत होती.

"वाट लावली माझ्या गोष्टीची," तो पुटपुटला. "बापाला खलनायक केलंय हरामखोरांनी."

पुढच्या रांगेतलं कुणीतरी वळून बघायला लागलं. प्रतिमाने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

स्टँडवर स्कूटर लागली. बस सुटली. खिडकीबाहेर उजाडलं. मुलीने पिशवी मांडीवर घेतली तसा देवदत्त पुढे सरकून बसला. पराठा, पकोडा की बिस्किटं? त्याने मोबाइल हातात धरला होता, वकिलाला तिथूनच कळवायला.

मुलीने डबा काढला. स्टीलचा. झाकण उघडलं. आत दुधातल्या दशम्या होत्या, आणि कोपऱ्यात लसणीची चटणी. तिने एक तुकडा तोंडात घातला आणि झाकण मांडीवर पालथं ठेवलं. कॅमेरा हळूहळू त्या झाकणावर आला, आणि पडदाभर अक्षरं उमटली : 'चि. देवदत्त, मुंजीप्रीत्यर्थ.'

प्रतिमाने पडद्यावरून नजर काढली नाही.

"तिला उपाशी कशी जाऊ देणार होते मी," ती म्हणाली.