मुकं मशीन

याही मशीनचा आवाज येईना.

पडदा लख्ख उजळला होता. मुलीनं घरून आणलेल्या पेनड्राइव्हवरची लिनक्स ही संगणकप्रणाली एका दमात सुरू झाली होती. वायफायनंही कुरकुर न करता नेट पकडलं होतं. पण बाबांना लख्ख पडद्याचं काय कौतुक? त्यांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पडद्यावरचं वाचून दाखवत नाही ते मशीन त्यांच्या दृष्टीनं नुसता डबा.

"कमाल आहे," काउंटरपलीकडून दुकानदार म्हणाला. "ताई, हेच मॉडेल मागं एकानं लिनक्स टाकून नेलं. चांगलं घडाघडा बोलत होतं."

"आमच्या वाट्याला मुकीच येतात," मुलगी म्हणाली. तिचा उजवा हात मशीनच्या कडेला टेकलेला होता.

बाबा कळा चाचपत होते. "बाणांच्या कळा फारच बुटक्या आहेत," ते पुटपुटले. दुकानदारानं मुलीकडं बघून भुवया उंचावल्या. म्हातारं भारी चिकित्सक दिसतंय, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

आत्याचं तर स्पष्ट मत होतं. "अगं, सगळी दादाची नाटकं आहेत," ती फोनवर म्हणाली होती. "तू जाऊ नयेस म्हणून प्रत्येक मशीनला नाकं मुरडतोय. तू काहीतरी घे आणि नीघ."

मुलीला दुसऱ्या शहरात, पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. लहानपणी ती पुठ्ठ्याचे पूल करून त्यावर चमचे उभे करायची. तिला हेच हवं होतं. बाबांनाही घरी एकटं राहायची धास्ती नव्हती. मुलाखती, भाषणं ऐकायची आणि टंकून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांचं जुनं लिनक्सवालं मशीन त्यांना सगळं वाचून दाखवायचं आणि बोटांना त्याच्या सगळ्या खोडी पाठ होत्या. पण नोकरीचं पत्र आलं आणि त्याच सुमारास ते मशीन गचकलं. "नवं बोलकं मशीन मिळाल्याशिवाय मी हलणार नाही," मुलीनं जाहीर केलं.

मग शोध सुरू झाला. आवाजाची चिप कुठली, वायफायचं कार्ड कुठलं, लिनक्सशी कुणाचं जमतं आणि कुणाचं वाकडं, हे ती नेटवर वाचून काढायची. बाबांसारख्याच लोकांनी वापरून चांगलं म्हटलेली मशिनंच निवडायची. दुकानात जाऊन चालू केलं की मशीन ठार मुकं. ती बाबांना घेऊन पुढच्या दुकानाची पायरी चढायची.

तोवर घरात वाचायला तीच होती. आलेली पत्रं, बातम्या आणि संध्याकाळी एक जाडजूड कादंबरी. कादंबरीतल्या खाष्ट सासूला ती असा काही आवाज द्यायची की बाबा पोट धरून हसायचे. इतकं हसणं त्या घरानं आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मुलीचा फोन वाजला. नंबर बघून ती दुकानाच्या दारापाशी गेली.

"हो, आज सांगते म्हटलं होतं," बाबांना तिचं बोलणं ऐकू येत होतं. "घरी अडचण आहे हो. बहुतेक नाहीच जमणार." हे तिनं अगदी सरळ आवाजात सांगितलं. मग विचारलं, "तो नदीवरचा पूल... त्याचं काम सुरू झालं का? हो? किती कमानी ठरल्या शेवटी?"

चमचे पेलणारा पूल दाखवायला ती धावत यायची, तेव्हाचा हा आवाज होता.

बाबांचा हात कळांवरून उतरला आणि मशीनच्या उजव्या कडेवरून सरकत गेला. मुलीचा हात टेकलेला होता त्याच जागी थांबला. तिथं हेडफोनच्या भोकात एक तुटकी पिन होती, वायर कापून उरलेली, पेरभर. हेडफोन जोडलाय असं समजून मशीन सगळा आवाज त्या पिनेत ओतत होतं. बाबांनी ती उपटली आणि मुठीत धरली. मग पडदा वाचून दाखवणारी कळ दाबली.

मशीन बोलायला लागलं. सपाट, भावनाशून्य आवाजात पडद्यावरची एकेक ओळ वाचू लागलं.

"अरे, बोललं की!" दुकानदार जवळजवळ ओरडलाच.

मुलगी गर्रकन वळली. फोन अजून कानाशीच होता. बाबांनी त्या दिशेनं तोंड केलं.

"त्यांना सांग, येतेय म्हणून."

बाणांच्या बुटक्या कळांविषयी ते पुन्हा चकार शब्द बोलले नाहीत. दुकानदारानं मशीन खोक्यात भरून दिलं. ते बगलेत मारून मुलगी पायऱ्या उतरू लागली, बाबा तिच्या कोपराला धरून मागं. शेवटच्या पायरीवर त्यांनी तिच्या तळहातावर ती पिन ठेवली. पिनेवर दोरा गुंडाळलेला होता. आपल्या जुन्या हेडफोनच्या या पिनेची चार्जरच्या पिनेशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांनीच तो कधीतरी गुंडाळला होता.

मुलीला मान वर करवेना. "तुम्हाला एकटं टाकून जाववत नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "कधी कळलं?"

"पहिल्याच दुकानात. बोटाला माझाच दोरा लागला."

"मग तेव्हाच का नाही काढलीत?"

बाबांनी तिचं कोपर जरा घट्ट धरलं.

"तेव्हा तू कादंबरीचं पहिलंच प्रकरण वाचायला घेतलं होतंस."