दाराची आतली बाजू

मिस्त्रीनं कपाटाचं दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं टाकलं, लाकडात पडलेल्या पोच्यांवर ओलं फडकं पसरलं आणि तापलेली इस्त्री टेकवली. चर्र झालं, वाफ उसळली, आणि दबलेलं लाकूड हळूहळू फुगून वर आलं.

"वहिनी, गेल्या वर्षीच हे दार सपाट करून दिलं होतं ना मी?"

"तेव्हा पोचे छातीएवढ्या उंचीवर होते," घरमालकीण विणता विणता म्हणाली. "आता गुडघ्याखाली आलेत. दमली असेल."

"कोण?"

"चहा ठेवू का तुम्हाला?"

पोचे चार-चारच्या ओळीत होते, मुठीच्या पेरांसारखे, आणि सगळे दाराच्या आतल्या बाजूला. कपाट रिकामं होतं. त्यानं स्वतः वाकून पाहिलं होतं. आत साधा हँगरसुद्धा नव्हता.

नसत्या भानगडीत पडायला नको म्हणून त्यानं मुकाट्यानं दार बसवलं आणि कुलूप घातलं.

"खालची हवेची भोकंही बुजवून टाका," ती म्हणाली. "फार आवाज येतो."

दोन भोकांत त्यानं लाकडी खुंट्या ठोकल्या. तिसऱ्यापाशी बोटांना ऊब लागली. भोकातून बारीक वाफ येत होती. थांबायची, पुन्हा यायची, आणि दर वेळी जरा जास्त घाईनं. इस्त्री केव्हाच गार पडली होती.

त्यानं वळून पाहिलं. ती टाके मोजत होती.

"होईल ना, मिस्त्री?"

"न व्हायला काय झालं," तो म्हणाला, आणि पिशवीतून त्यानं जरा लांब खुंटी शोधून काढली.